फॉरेन्सिक बायोटेकची पदवी: शिकून बाहेर पडल्यावरचा सविस्तर अभिप्राय

आधी निकाल सांगते. पदवी चांगली आहे, पण तिचा सगळ्यात मोलाचा भाग वेळापत्रकात सगळ्यात कमी तासांचा असतो. डीएनए काढणं, वाढवणं, मोजणं ही कौशल्यं मेहनतीने कुणालाही येतात. हातात आलेल्या आलेखावरून न्यायालयात नेमकं किती बोलायचं आणि कुठे थांबायचं, हे शिकवायला मात्र विभागात तशी माणसं असावी लागतात. आमच्या विभागात अशा एक बाई होत्या. आज या पदवीबद्दल मला जी आपुलकी वाटते, ती बरीचशी त्यांच्यामुळे.

मी बायोटेक्नॉलॉजीत बी.एस्सी. केलं, मग फॉरेन्सिक बायोटेक्नॉलॉजीत पदव्युत्तर पदवी घेतली आणि आता डीएनए अहवालांचंच काम करते. विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे गुणदोष येतील ते एका विभागापुरते नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणी शिकलेले सहकारी जेवायला बसले की हेच विषय निघतात.

पहिलं सत्र बायोटेकवाल्यांना उजळणीसारखं जातं. रेणुजीवशास्त्र, प्रतिकारशास्त्र, उपकरणं, शिवाय फौजदारी कायद्याची ओळख आणि घटनास्थळाची पाहणी. रसायनशास्त्राकडून आलेल्यांची याच सत्रात दमछाक होते आणि त्यांना कुणी वेगळा वेळ देत नाही. त्यापलीकडे या सत्राबद्दल फार सांगण्यासारखं नाही, एक तास सोडून.

त्या तासाला बाईंनी इंग्लंडमधल्या लेस्टरची गोष्ट सांगितली. १० सप्टेंबर १९८४ रोजी लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज यांना एका एक्स-रे फिल्मवर माणसामाणसांत वेगळे दिसणारे डीएनएचे पट्टे दिसले. त्याच भागात १९८३ आणि १९८६ साली पंधरा वर्षांच्या दोन मुलींचे खून झाले होते, आणि दुसऱ्या खुनाची कबुली एका सतरा वर्षांच्या मुलाने दिली होती. पोलिसांना वाटत होतं की जेफ्रीज यांची चाचणी त्याला पहिल्या खुनातही अडकवेल. चाचणीने दाखवलं की दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे आहेत आणि तो माणूस हा मुलगा नाही. पुढे त्या परिसरातल्या हजारो पुरुषांचे नमुने घेतले गेले. कॉलिन पिचफोर्कने स्वतःऐवजी एका सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवलं, ती गोष्ट फुटली, तो पकडला गेला आणि १९८८ मध्ये त्याला शिक्षा झाली. बाईंनी फळ्यावर एवढंच लिहिलं: या तंत्राने खुनाच्या तपासात पहिलं काम केलं ते एका निरपराध मुलाला सोडवण्याचं. त्यानंतरचा प्रत्येक विषय मी त्या वाक्याच्या उजेडात शिकले.

प्रॅक्टिकल्सकडे येते, कारण पदवी निवडताना सगळे तीच बघतात. रक्ताची प्राथमिक चाचणी म्हणजे कासल-मेयर. डागावरून फिरवलेल्या स्वॅबवर अल्कोहोलचा थेंब, मग रंग घालवलेलं फिनॉल्फ्थॅलीन, थोडं थांबायचं, मग हायड्रोजन पेरॉक्साइड. हिमोग्लोबिनमुळे ऑक्सिडेशन झपाट्याने होतं आणि काही सेकंदांत गडद गुलाबी रंग येतो. बघायला फार सुंदर आणि म्हणूनच फसवी चाचणी. आम्हाला चिठ्ठी न लावलेले डाग दिले होते. काही रक्ताचे, काही गंजाचे, काही वनस्पतींच्या रसाचे, एक ब्लीचचा. वनस्पतींतलं पेरॉक्सिडेजही गुलाबी रंग देऊ शकतं. पेरॉक्साइड घालण्याआधीच रंग चढला, तर तिथे दुसरंच काहीतरी ऑक्सिडीकारक आहे. ज्यांनी जर्नलमध्ये ‘रक्त आढळले’ असं लिहिलं, त्यांचं वाक्य बाईंनी लाल शाईने खोडून ‘रक्त असण्याची शक्यता दर्शवते, खात्रीची चाचणी आवश्यक’ असं लिहायला लावलं. पुढच्या आठवड्यात ताकायामा स्फटिक ही खात्रीची चाचणी, मग रक्त माणसाचं आहे का हे दाखवणारी पट्टी. त्या पट्टीबद्दलची एक गोष्ट पुस्तकात सहज निसटते पण आमच्याकडून हाताने करून घेतली: रक्त अगदी दाट असेल तर प्रतिजन (पट्टी जे ओळखते ते रक्तातलं प्रथिन) इतकं जास्त होतं की पट्टीवर रेघच उमटत नाही. तोच नमुना पातळ केला की रेघ येते. नकारार्थी निकालावरही प्रश्न विचारायचा असतो, हे तिथे कळलं.

डीएनए काढण्याचं प्रॅक्टिकल प्रत्येक बायोटेक अभ्यासक्रमात असतं. फॉरेन्सिकमध्ये फरक पडतो तो नमुन्याच्या हालहवालामुळे. इथे ताज्या पेशींची भरलेली नळी मिळत नाही. मिळतो जीन्सच्या कापडावरचा वाळलेला ठिपका. नीळ, मातीतलं ह्युमिक आम्ल, रक्तातलं हीम, हाडातलं कॅल्शियम, हे सगळे पीसीआरच्या, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या, आड येतात. चेलेक्सची पद्धत मला आजही आवडते. राळेचे बारीक मणी मॅग्नेशियम पकडून ठेवतात, त्यामुळे उकळताना डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमांना मोकळं रान मिळत नाही, आणि सगळं एकाच नळीत होत असल्याने ओताओतीत नमुना बाहेरच्या डीएनएने दूषित व्हायचा धोका कमी. त्याच नमुन्यावर फिनॉल-क्लोरोफॉर्म, सिलिका कॉलम आणि चुंबकीय मणी या पद्धतीही करून घेतल्या आणि चारींची तुलना लिहायला लावली. माझ्या मते हे चांगल्या विभागाचं लक्षण आहे. एकच किट घेऊन त्यासोबत आलेली माहितीपत्रिका वाचायला लावणं म्हणजे शिकवणं नव्हे.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांतला स्वॅब कसा हाताळतात, हेही याच भागात येतं. शुक्राणूंच्या डोक्यातली प्रथिनं गंधकाच्या बंधांनी घट्ट बांधलेली असतात, म्हणून सौम्य विघटनात आधी स्त्रीच्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए वेगळा काढून घ्यायचा आणि मग ते बंध तोडणारं डीटीटी हे रसायन घालून शुक्राणू उघडायचे. पीटर गिल, जेफ्रीज आणि डेव्हिड वेरेट यांनी १९८५ मध्ये मांडलेली ही युक्ती अजूनही रोजच्या कामात आहे. ज्या दिवशी हे शिकलो त्या दिवशी वर्गात कुणी मोठ्याने बोललं नाही. इतक्या साध्या रसायनशास्त्रावर कुणाचा तरी न्याय अवलंबून असतो, हे मला त्या बाकावर पहिल्यांदा जाणवलं.

यानंतर मोजमाप. माणसाच्या एका पेशीत साधारण ६.६ पिकोग्रॅम डीएनए असतो. म्हणजे एक नॅनोग्रॅम म्हणजे फक्त दीडशेच्या आसपास पेशी, आणि माणसाची डीएनए-ओळख, म्हणजे प्रोफाइल, काढणारी बरीच एसटीआर किट्स तेवढ्यावर किंवा त्याच्या निम्म्यावर उत्तम चालतात. हा आकडा एकदा मनात बसला की हातमोजे का बदलायचे, टिप का टाकायची, पीसीआरच्या आधीची आणि नंतरची खोली वेगळी का ठेवायची, हे कुणी बजावून सांगावं लागत नाही. जास्त डीएनए घातला तर निकाल जास्त चांगला येईल हीही समजूत इथेच मोडते. यंत्रातून निघणाऱ्या आलेखावरची शिखरं मापाबाहेर जातात आणि एका रंगाची सावली दुसऱ्या रंगात पडते.

आता आलेख. या पदवीचा गाभा हाच. एसटीआर म्हणजे डीएनएतले चार-चार अक्षरांचे तुकडे पुन्हा पुन्हा येतात त्या जागा. कुणाच्या त्या जागी सात वेळा, कुणाच्या नऊ वेळा. आलेखावर अशा प्रत्येक आकड्याचं एक शिखर येतं; एका माणसाची एका जागेवर साधारणपणे फार तर दोन. टीएच०१ या जागेवर ९.३ असा एक प्रकार दिसतो: नऊ पूर्ण तुकडे आणि एक अपुरा, तीन अक्षरांचा. लिंग ओळखायला अमेलोजेनिन असतं. एक्स गुणसूत्रावरचा तुकडा १०६ अक्षरांचा, वायवरचा ११२. एका माणसाचा स्वच्छ नमुना वाचणं लवकर जमतं आणि मग फार आत्मविश्वास येतो. तो आत्मविश्वास घालवायला मिश्र नमुने असतात. खऱ्या शिखराच्या एक पायरी आधी जे छोटं शिखर येतं ते पीसीआरमध्ये साखळी घसरल्याने तयार झालेलं असू शकतं. त्याला स्टटर म्हणतात. पण ते दुसऱ्या एखाद्या माणसाचं खरं शिखरही असू शकतं. नमुना फारच थोडा असेल तर खरं शिखर गायब होतं आणि कुणाचं तरी भरकटलेलं उगवतं. एका जागेवर तीन शिखरं दिसली की किमान दोन माणसं, एवढं साधारणपणे म्हणता येतं. दोन की तीन, हे ठरवताना मात्र भल्याभल्यांची गाडी अडते.

बाईंनी इथे एक गोष्ट केली जी मी प्रत्येक विभागात असावी असं म्हणेन. वर्गाचे दोन गट केले, दोघांना एकच मिश्र आलेख दिला. एका गटाला सोबत संशयिताचा प्रोफाइल दिला, दुसऱ्याला दिला नाही. ज्यांच्या हातात संशयित होता, त्यांना धूसर शिखरांत त्याचीच शिखरं दिसू लागली. त्यानंतर त्यांनी इटिएल ड्रोर आणि ग्रेग हॅम्पिकियन यांचा २०११ चा अभ्यास वाचायला दिला. एका प्रत्यक्ष खटल्यातला मिश्र नमुना सतरा तज्ज्ञांना प्रकरणाची पार्श्वभूमी न सांगता दाखवला होता. मूळ अहवालाने संशयिताला वगळता येत नाही असं म्हटलं होतं. सतरांपैकी फक्त एकाने तसं म्हटलं, बारा जणांनी त्याला वगळलं आणि चौघांनी निष्कर्ष काढता येत नाही असं सांगितलं. तेव्हापासून मी आधी आलेखावर माझं मत लिहून, सही करून मगच संदर्भ नमुना उघडते. नोकरीत हा नियमच आहे. आम्हाला तो नियम येण्याआधी त्याचं कारण कळलेलं होतं.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. संख्याशास्त्र. संपूर्ण अभ्यासक्रमात त्याला मोजके तास होते, तेही बाहेरून येणाऱ्या एका पाहुण्या शिक्षकांकडे. हार्डी-वाइनबर्गचं आनुवंशिक समतोलाचं सूत्र पाठ करून घेतलं, गुणाकाराचा नियम सांगितला, एक सॉफ्टवेअर दाखवलं आणि विषय संपला. समाजातल्या माणसांत दूरचं नातं असतं म्हणून वारंवारितेत थीटाची दुरुस्ती करावी लागते, हे परीक्षेत दोन गुणांचं टिपण म्हणून आलं. शक्यतांचं गुणोत्तर (डाग आरोपीचा असेल तर आणि दुसऱ्या कुणाचा असेल तर, हा आलेख मिळण्याच्या शक्यतांची तुलना) काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे मला नोकरीत आल्यावर सहकाऱ्यांकडून शिकावं लागलं. आणि हाच भाग सगळ्यात धोकादायक आहे.

एक उदाहरण देते, कारण प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला ते आधीच माहीत असावं. समजा घटनास्थळावरचा प्रोफाइल दहा लाखांत एकाला असतो. न्यायालयात कुणी म्हणतं, म्हणजे आरोपी निर्दोष असण्याची शक्यता दहा लाखांत एक. चूक. ज्या लोकसंख्येतून गुन्हेगार आलेला असू शकतो ती एक कोटीची असेल, तर असा प्रोफाइल असणारी सुमारे दहा माणसं त्यात सापडतील आणि आरोपी त्यांतला एक. दुसरा कुठलाच पुरावा नसेल तर डीएनए एकटा त्याला दहांत एकवर आणून ठेवतो. ‘निर्दोष माणसाशी जुळण्याची शक्यता’ आणि ‘जुळलेला माणूस निर्दोष असण्याची शक्यता’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९६ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने डोहेनी आणि अ‍ॅडम्स यांच्या अपिलांत नेमकी हीच गल्लत उघड केली आणि तज्ज्ञाने किती बोलावं याची सीमा आखून दिली. माझ्या हातात असतं तर हा निकाल पहिल्या सत्रात सक्तीने वाचायला लावला असता, आणि संख्याशास्त्र चारही सत्रांत ठेवलं असतं.

ही उणीव थोडीफार भरून काढली ती अभिरूप न्यायालयाने. शेवटच्या वर्षात प्रत्येकाला स्वतः तयार केलेला अहवाल घेऊन साक्षीला उभं राहावं लागायचं. कायद्याचे विद्यार्थी उलटतपासणी घ्यायचे आणि ते बाईंकडून तयारी करून आलेले असायचे. ‘नमुना तुमच्या हातात आला तेव्हा सील कसं होतं? कुणाकडून घेतलं? वेळ कुठे नोंदवली आहे? नकारार्थी नियंत्रणाचा आलेख जोडलेला का नाही?’ (नकारार्थी नियंत्रण म्हणजे नमुना न घालता चालवलेली नळी; तिच्यात काहीच दिसता कामा नये.) डीएनएबद्दल फारसे प्रश्न येतच नाहीत. कागदांबद्दल येतात. चेन ऑफ कस्टडीची, म्हणजे नमुना कुणाकडून कुणाकडे गेला याच्या नोंदीतली, एक सही राहिली की शिखरं कितीही उंच असोत, बोलायला जागा उरत नाही. उभं राहून घाम फुटणारी ती दुपार या पदवीतली सगळ्यात उपयोगाची. ज्या विभागात अभिरूप न्यायालय नाही, तिथली पदवी अर्धी समजावी असं माझं ठाम मत आहे.

तयारीला दोन प्रकरणं दिली होती. पहिलं न्यूयॉर्कचं, १९८९ चं कॅस्ट्रो प्रकरण. आरोपीच्या घड्याळावरचा रक्ताचा डाग, आणि प्रयोगशाळेने न जुळणारे पट्टे बाजूला सारून जाहीर केलेली जुळणी. बचाव पक्षाचे तज्ज्ञ एरिक लँडर यांनी त्रुटी दाखवल्या आणि मग जे झालं ते वाचून मला या क्षेत्राबद्दल आदर वाटला: दोन्ही बाजूंचे शास्त्रज्ञ न्यायालयाबाहेर एकत्र बसले आणि हा पुरावा निष्कर्षाला पुरेसा नाही असं संयुक्तपणे म्हणाले. दुसरं जर्मनीतलं हाइलब्रॉनचं. एका अनोळखी बाईचा डीएनए सुमारे चाळीस गुन्ह्यांत सापडत होता, त्यांत २००७ मधला एका पोलीस महिलेचा खूनही होता. २००९ मध्ये उलगडा झाला की तो डीएनए स्वॅबच्या पॅकिंगवर काम करणाऱ्या बाईचा होता. स्वॅब निर्जंतुक होते, पण निर्जंतुक वस्तूवर मानवी डीएनए असू शकतो. यानंतर २०१६ मध्ये आयएसओ १८३८५ हे मानक आलं, नमुने गोळा करण्याच्या साहित्यात मानवी डीएनएचा शिरकाव होऊ नये यासाठी. परीक्षेत या मानकाचा क्रमांक विचारतात. त्यापेक्षा स्वॅबची कोरी पाकिटं तपासून घेण्याचं एक प्रॅक्टिकल ठेवलं तर जास्त बरं.

याच्याच जोडीने आणखी एक धडा, जो मला पदवीतला सर्वात महत्त्वाचा वाटतो. डाग कुणाचा, हा एक प्रश्न. तो तिथे कसा आला, हा दुसरा. गुन्हा कुणी केला, हा तिसरा, आणि तो न्यायालयाचा. १९९० च्या दशकात इंग्लंडमधल्या इव्हेट, कुक, जॅक्सन यांच्या गटाने या पायऱ्या नीट मांडल्या. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात खून झालेल्या एका माणसाच्या नखांवर दुसऱ्याचा डीएनए सापडला आणि तो माणूस तुरुंगात गेला. त्या रात्री तो दारूच्या नशेत रुग्णालयात दाखल होता. ज्या आरोग्यसेवकांनी त्याला हाताळलं, तेच पुढे खुनाच्या ठिकाणी गेले होते. प्रयोगशाळेचा आलेख अचूक होता. उत्तर पहिल्या प्रश्नाचं होतं आणि ते दुसऱ्या-तिसऱ्याचं म्हणून वापरलं गेलं. आज माझ्या अहवालात ‘संपर्क’ हा शब्द लिहिताना मी दोनदा थांबते, ते यामुळे.

मानवेतर नमुन्यांचा वैकल्पिक विषय घेतला याचा मला आनंद आहे. बरेच जण तो सोपा समजून टाळतात. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर १९९४ मध्ये एका स्त्रीचा खून झाला, आणि रक्ताने माखलेल्या जाकिटावर मांजराचे पांढरे केस सापडले. संशयिताच्या घरच्या ‘स्नोबॉल’ या मांजराशी ते जुळले, पण बेटावरची सगळीच मांजरं एकमेकांच्या नात्यातली असली तर जुळण्याला अर्थ काय? म्हणून तिथल्या इतर मांजरांचेही नमुने तपासावे लागले. थीटाची दुरुस्ती मला खऱ्या अर्थाने समजली ती या मांजरांमुळे, संख्याशास्त्राच्या तासाला नव्हे. अ‍ॅरिझोनातल्या एका खटल्यात पालो व्हर्डी झाडाच्या शेंगा आरोपीच्या गाडीत मिळाल्या आणि त्यांचा डीएनए घटनास्थळावरच्या झाडाशी पडताळला गेला. २००१ मधल्या अमेरिकेतल्या अँथ्रॅक्सच्या पत्रांवर तर अभ्यासक्रमात एक पूर्ण घटकच होता. जिवाणूंतल्या बारीक उत्परिवर्तनांवरून तपास एका विशिष्ट फ्लास्कपर्यंत नेला गेला. पण २०११ मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने स्पष्ट केलं की केवळ वैज्ञानिक पुराव्यावर उगमाचा ठाम निष्कर्ष काढता येत नाही. जगातल्या उत्तमोत्तम प्रयोगशाळा राबल्या आणि तरीही वाक्य तेवढ्यावरच थांबवावं लागलं.

जुनी हाडं आणि मायटोकॉन्ड्रियल डीएनए हा भाग थिअरीतच उरकला. १६,५६९ अक्षरांचं ते वर्तुळ, आईकडून येणारा वारसा, पेशीत शेकडो-हजारो प्रती असल्याने खराब नमुन्यातही टिकण्याची शक्यता, एवढं समजलं. हाड दळण्याचं यंत्र आम्ही चित्रातच पाहिलं. नव्या पिढीच्या सिक्वेन्सिंगचंही तेच.

यंत्रांचा विषय निघालाच आहे तर सरळ सांगते. माहितीपत्रकात जेनेटिक अ‍ॅनालायझरचा, म्हणजे हे आलेख काढणाऱ्या यंत्राचा, मोठा फोटो असतो. तो विभागाच्या मालकीचा आहे का, विद्यार्थ्यांना स्वतः रन लावता येतो का, की काचेपलीकडून बघायचा असतो, हे विचारून घ्या. आमच्याकडे तो दुसऱ्या विभागाबरोबर वाटून घेतलेला होता आणि किटची मुदत संपत आली की घाईघाईने प्रॅक्टिकल लागायचं. एकदा नकारार्थी नियंत्रणात शिखरं आली तेव्हा वेळ नाही म्हणून पूर्ण बॅच तशीच ‘शिकण्यापुरती’ वाचायला सांगण्यात आली. बाईंनी ती बॅच रद्द करवली आणि पुढचं संपूर्ण प्रॅक्टिकल ती शिखरं कुणाची हे शोधण्याला दिलं. मला तो दिवस सगळ्या सुरळीत झालेल्या प्रॅक्टिकल्सपेक्षा जास्त आठवतो.

स्वतःच्या नमुन्यांबद्दलही विचारा. आम्ही आमच्याच गालांतले स्वॅब वापरायचो. पितृत्व चाचणीचं प्रॅक्टिकल घरच्यांचे नमुने आणून करावं, असा प्रस्ताव एका सत्रात आला होता. बाईंनी तो ठामपणे मोडून काढला. एखाद्या मुलाला भरवर्गात आपल्या घराबद्दल काय कळू शकतं, याची कल्पना करा. त्यानंतर संमतीपत्र, नमुन्यांना सांकेतिक क्रमांक आणि सत्र संपल्यावर ते नष्ट करणं, हे सगळं सुरू झालं. ज्या विभागात ही पद्धत नाही तो विभाग उद्याच्या तज्ज्ञांना इतरांच्या डीएनएबद्दल काय आदर शिकवणार?

मनावर येणाऱ्या भाराबद्दल अभ्यासक्रमात अवाक्षर नव्हतं. घटनास्थळांची छायाचित्रं, लहान मुलांची प्रकरणं, शवविच्छेदनाची भेट. माझ्या तुकडीतली एक हुशार मुलगी त्या भेटीनंतर बरेच दिवस वर्गात आली नाही आणि तिची विचारपूस मैत्रिणींनीच केली. मन घट्ट करा, एवढा सल्ला पुरत नाही. नियमित बोलता येईल असा समुपदेशक असायला हवा. माझ्या दृष्टीने ही पदवीतली दुसरी गंभीर उणीव.

नोकरीबद्दल: पदवी हातात पडली की गुन्हे प्रयोगशाळेचं दार उघडतं असं नाही. तिथल्या जागा मोजक्या, आणि निवड झाली तरी स्वतंत्र अहवाल लिहिण्याआधी महिनोन्‌महिने देखरेखीखाली काम आणि सक्षमतेची चाचणी असतेच. मुलाखतीत मला पीसीआरची तत्त्वं जेमतेम विचारली; आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या मानकाखाली नोंदी कशा ठेवतात, चुकलेली नोंद कशी दुरुस्त करतात, यावर मात्र बराच वेळ गेला. माझ्या तुकडीतले काही जण वन्यजीवांच्या नमुन्यांकडे गेले, काही किट बनवणाऱ्या कंपन्यांत, काही निदान प्रयोगशाळांत. आपत्तीतल्या मृतांची ओळख पटवणं हेही एक मोठं क्षेत्र आहे. न्यूयॉर्कमध्ये २००१ च्या हल्ल्यातल्या अवशेषांवर वीस वर्षांनंतरही काम चालू राहिलं आणि नव्या तंत्रांनी नवी नावं सापडत गेली. ज्यांना फक्त गुन्हेगार पकडण्याचं आकर्षण आहे त्यांनी हे काम एकदा जवळून पाहावं. एखाद्या घराला आपलं माणूस परत देणं हीसुद्धा याच आलेखांची किमया आहे.

कुणी घ्यावी ही पदवी? ज्याला एकच काम शंभराव्यांदाही पहिल्यासारखं नीट करता येतं, लिहून ठेवण्याचा कंटाळा नाही आणि ‘सांगता येत नाही’ हे उत्तर द्यायला लाज वाटत नाही, त्याने जरूर घ्यावी. शुद्ध संशोधनाची ओढ असेल तर रेणुजीवशास्त्रातली पदवी घेऊन नंतर इकडे वळणं जास्त सोयीचं, कारण इथे नवं शोधण्यापेक्षा तपासून मान्य झालेली पद्धत काटेकोर पाळण्याला मान आहे. गणित टाळायला जीवशास्त्राकडे आलेल्यांनी मात्र दोनदा विचार करावा.

माझ्याकडून पाचपैकी चार. कापलेला एक गुण संख्याशास्त्राचा आणि समुपदेशकाचा, निम्मा-निम्मा. प्रवेशाआधी विभागात जाऊन शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा आणि त्यांनी स्वतः लिहिलेला एखादा अहवाल दाखवायला सांगा. त्यात मर्यादांचा परिच्छेद आहे का, नियंत्रणांचे आलेख जोडलेले आहेत का, आणि निष्कर्षाच्या वाक्यात संभाव्यता कशी मांडली आहे, एवढं बघा. अहवालच दाखवता आला नाही, तर दुसरा विभाग शोधा.